अकरा अँपिअरचा संसार

डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेशी काही देणंघेणं उरत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं, आणि इंजिन बंद करायचं तर डिझेलच तोडायचं. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत ट्रॅक्टर आले तेव्हा त्यावरची बॅटरी, डायनामो, दिवे हा सगळा वरचा कारभार मानला गेला. बॅटरी बसली तर ट्रॅक्टर रात्री उतारावर उभा करायचा, सकाळी ब्रेक सोडून गिअर टाकायचा, झालं. नवी बॅटरी सुगीनंतर बघू, असं म्हणत सुग्यांवर सुग्या जायच्या.

हे ट्रॅक्टर बहुतेक परदेशी आराखड्यांचे. मद्रासची टॅफे कंपनी १९६०ची, तिने मॅसी फर्ग्युसन आणला. महिंद्राने १९६३मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर भागीदारी करून बी-२७५ काढला. १९७१पासून पिंजोरचा एचएमटी येऊ लागला, तो झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरवर बेतलेला. याच एचएमटीच्या घड्याळाचं नाव नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्या धानाला मिळालं. पुढे त्याच नावाच्या ट्रॅक्टरने त्याच नावाच्या धानाची चिखलणी केली, ही गंमत या भागाबाहेर फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

मॅसी आणि बी-२७५ या दोघांची विजेची व्यवस्था इंग्रजी वळणाची. डायनामोही ल्युकासच्या घराण्यातला, आणि १९६१च्या ल्युकास-टीव्हीएसमुळे तो इथेच बनू लागला. त्या काळच्या ट्रॅक्टरी डायनामोची ठरलेली ताकद ११ अँपिअर. बारा व्होल्टला हिशोब केला तर १३०-१४० वॅट, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. मंद गतीवर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. त्याला बॅटरीशी जोडणारा कटआऊट उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. आता समोरचे ४०-४५ वॅटचे दोन बल्ब आणि मागे नांगरावर उजेड टाकणारा एक दिवा लावा. हिशोब तिथेच संपला, बॅटरी भरायला काही शिल्लक राहिलं नाही. म्हणून त्या काळचे जाणते चालक मागचा दिवा बांधाच्या टोकाला वळण घेतानाच लावायचे.

रात्रीचं काम वाढलं ते भाड्याच्या ट्रॅक्टरमुळे. पूर्वेकडे, म्हणजे ब्रह्मपुरी, सावली, वडसा, आरमोरीकडे धान. आषाढात पाऊस लागला की सगळ्या बांध्यांना एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते, कारण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, थांबत नाहीत आणि रोवणीच्या बायांची टोळी आज इथे तर उद्या पुढच्या गावी. ट्रॅक्टरवाला तासाच्या भावाने काम करतो. मग दिवसाचे दहा तास पुरत नाहीत, लोखंडी चाकं लावून तो रात्रभर बांध्यांत फिरतो. दिवा ही आता कमाईची गोष्ट झाली. आणि चिखलणीसारखा वायरिंगचा दुश्मन नाही. चाकांनी उडवलेला चिखल होल्डरमध्ये, डायनामोच्या ब्रशपर्यंत जातो. वाळल्यावर दिवा लागतो की नाही ते ट्रॅक्टरच्या मर्जीवर. पावसाळा संपला की उरलेलं काम उंदीर करतात.

१९८२मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतर वर्षाच्या आतबाहेर चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच फिरू लागला. दिव्याखाली अंधार या म्हणीला याहून नेमकं उदाहरण शोधायची गरज नाही: राज्याला वीज देणाऱ्या या भागातली कितीतरी गावं त्यानंतरही बरीच वर्षं कंदिलावर होती. ट्रॅक्टरवर मात्र याच दशकात पहिलं खऱ्या अर्थाने चैनीचं उपकरण आलं, टेप. मडगार्डवर दोन स्पीकर, सीटखाली कॅसेटचा डबा. टेपने ट्रॅक्टरची एक खोड उघड केली. डायनामोच्या ब्रशच्या ठिणग्या गाण्यात खरखर करायच्या, इंजिनचा वेग वाढला की खरखरही वाढायची. मिस्त्री डायनामोला एक छोटा कंडेन्सर बांधून द्यायचे आणि खरखर बरीचशी जायची. दिवाळीनंतर वडश्याच्या नाटकमंडळींचा प्रयोग जवळच्या गावात असला की याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अख्खं गाव नाटकाला निघायचं, टेप पूर्ण आवाजात. ट्रॉलीला मागचा लाल दिवा असेलच असं नाही. गाण्याला वायर मिळाली, लाल दिव्याला मिळाली नाही, हे मला आजही खटकतं.

दुसरी खोड जास्त महागात पडणारी होती. त्या इंग्रजी वळणाच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, म्हणजे प्लस अर्थ. दिव्याला त्याचा काही फरक पडत नाही, सेल्फलाही नाही. दिशा बदलली तरी सेल्फ त्याच बाजूला फिरतो. टेपची मात्र बाहेरची पत्रा-बॉडीच मायनस असते. ती ट्रॅक्टरच्या पत्र्याला नटबोल्टने बसवली की थेट शॉर्ट. पुढे मोबाइलच्या चार्जरचं सॉकेट आलं तेव्हाही तेच झालं, कारण त्याचंही बाहेरचं कवच मायनस.

वडसा, मूल, ब्रह्मपुरीच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या टपऱ्यांवर यावरचा इलाज हातात बसलेला आहे. बॅटरीच्या वायरी अदलाबदल करायच्या. अॅमीटरच्या मागच्या दोन वायरी बदलायच्या, नाहीतर चार्जिंग होत असताना काटा डिस्चार्ज दाखवतो. आणि डायनामोला नवी दिशा शिकवायची: एफ टर्मिनलची वायर काढून तिथे बॅटरीची जिवंत वायर क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी उडते, आतल्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व उलटतं, आणि डायनामो यापुढे उलट्या दिशेने वीज देतो. हे विसरलं तर नवा कटआऊट पहिल्याच दिवशी जळतो.

डायनामो जिवंत आहे का हे पाहायची रीतही जुनीच. डी आणि एफ दोन्ही वायरी काढायच्या, दोन टर्मिनल छोट्या तारेने जोडायची, त्या तारेपासून बॉडीपर्यंत टेस्टचा बल्ब धरायचा आणि हळूहळू रेस द्यायची. बल्ब लालसर होतो, मग पिवळा, मग पांढरा. रेस जास्त दिली तर बल्ब जातो. पांढरा झाला म्हणजे डायनामो ठीक, दोष कटआऊटच्या डब्यात. मिस्त्री मान न वळवता सांगतो, “डायनामो चांगला हाय, डबा घेऊन या.”

नव्वदीनंतर दुसरी वाट निघाली: डायनामो काढून अपघातात गेलेल्या मोटारीचा अल्टरनेटर बसवायचा. पट्टी वेल्ड करून, पुली बदलून तो बसतो. मंद गतीवरही चार्ज करतो, ताकद तिपटी-चौपटीने जास्त. पण त्याच्या आत डायोड असतात, आणि बॅटरी उलटी लागली की ते क्षणात जातात. एकमेकांच्या बॅटरीवर ट्रॅक्टर चालू करून देण्याची सवय असलेल्या भागात हे वरचेवर घडतं. अल्टरनेटर बसवलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांचा जुना डायनामो आजही घरच्या पडवीत पोत्यात गुंडाळून ठेवलेला असतो, आणि ते शहाणपणाचंच आहे.

खरी सुटका बाहेरून आली. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. त्या शोधावर उभा असलेला १८-२० वॅटचा चौकोनी दिवा आता तालुक्याच्या बाजारात बल्बच्या शेजारी टांगलेला असतो. दोन दिव्यांचे ४० वॅट, फोनचे दहा, आणि तरीही ११ अँपिअरच्या डायनामोत बॅटरी भरायला ८०-९० वॅट उरतात. शिवाय या दिव्यावर दहा ते तीस व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे जुन्या कटआऊटचे चढउतार तो मुकाट सोसतो. त्याच्या दोन्ही वायरी सुट्या, त्यामुळे प्लस अर्थवरही वायर बदलून चालतो. साठच्या दशकातला ट्रॅक्टर आजच्या कामाला पुरतो यात ट्रॅक्टरची करामत थोडी, दिव्याची जास्त.

टेप ही चैन होती, फोनचं मात्र तसं नाही. तो चैनीचा राहिला नाही. भाड्याचं काम फोनवर ठरतं, तास फोनवर मोजले जातात, पैसेही फोनवर येतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि वीजही कित्येक दिवस येत नाही. तेव्हा अंगणातल्या ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे चार्जिंगची सोय. यात एकच पथ्य: सॉकेटची वायर थेट बॅटरीवरून घ्यायची, पण मध्ये फ्यूज हवाच. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची पद्धत अजून गेलेली नाही आणि वायरिंग पेटण्याचं एक ठरलेलं कारण तेच आहे.

या बॅटऱ्यांचं दुसरं आयुष्य शेतातच जातं. सेल्फ फिरवण्याइतका जोर उरला नाही की बॅटरी झटका मशीनला लागते, सोबत एक सोलर पॅनल. रानडुक्कर आणि रोही धान-सोयाबीनमध्ये शिरू नयेत म्हणून बारा व्होल्टवर चालणारं हे यंत्र कुंपणात क्षणाक्षणाला छोटा झटका सोडतं. थेट लाइनची तार कुंपणाला लावल्याने या दोन जिल्ह्यांत वाघही मेले आणि माणसंही. म्हणून मला तरी त्या जुन्या बॅटरीचा हा उपयोग सगळ्यात शहाणा वाटतो.

जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक उत्सर्जन नियम लागले. त्यांच्या इंजिनांत डिझेल किती सोडायचं ते आता कॉम्प्युटर ठरवतो, आणि कॉम्प्युटरला बॅटरी हवी. उतारावरचा मुक्काम तिथे उपयोगाचा नाही. टपरीवरचा मिस्त्री अशा ट्रॅक्टरला हात लावायला कचरतो, पण जुन्या मॅसीवर दिवा, चार्जर, एफएम रेडिओ असं काहीही बसवून देतो. वरातीच्या साउंडचा अँप घेऊन आलेल्यालाच तो परत पाठवतो. हजार वॅटचं ते काम ११ अँपिअरमध्ये होत नाही. त्यासाठी ट्रॉलीत वेगळा जनरेटर चढवावा लागतो, आणि लग्नसराईत त्याचं भाडं ट्रॅक्टरच्या भाड्याहून जास्त असतं.