वर्सोव्याचा पांढरा खडा

वर्सोव्यास विहीर खणतांना काळ्या पाषाणाच्या पोकळींत सांपडलेला, मोत्यासारख्या झळाळीचा खडा एका सभासदांनी आमच्याकडे धाडला. जिप्सम ठरल्यास असले खडे दळून खारवट जमिनीस द्यावे, असा त्यांचा बेत. नखानें ओरखडा उठेना. जिप्सम असतें तर उठता. चाकूनें मात्र उठला, तेव्हां गारगोटीही नव्हे. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाच्या थेंबानें फेंस आला नाहीं. कॅल्साइटही बाद झालें. फुंकणीच्या ज्योतींत कपची फुगून वळवळली, आणि ओळख पटली : झिओलाइट! स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी 1756 सालीं या उकळीवरूनच हें नांव दिलें. मालाड-कांदिवलीच्या खाणींतही तो आढळला आहे. जमिनींतील सोडियम हटविण्यास जिप्समसारखें सहज विरघळणारें कॅल्शियम त्यांत नाहीं, दळणावळ वांचली. खडा परत धाडला आहे. दिसण्यास तो खरोखर देखणा.