मुद्दाम लावलेली धाप

"तुम्हाला दमा आहे का?" टेक्निशियन मॅडम मलाच विचारतात. मी नुसता बघ्या. "असेल तर बाहेर बसा. औषधाचे तुषार उडतात, तुमचीच छाती आवळायची." नाही म्हटल्यावर कोपऱ्यातलं स्टूल मिळतं.

पुण्यातल्या एका रुग्णालयाची ही फुंकायची खोली. खुर्चीत चाळिशीचे एक गृहस्थ, बेकरीत मैदा मळणारे. रात्री खोकल्याची ढास, छातीत शिट्ट्या. दवाखान्यात आले की मात्र सगळं ठीक. स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकायची तपासणी, दोनदा नॉर्मल आली. मालकाच्या मते हा कामचुकारपणा. म्हणून आज डॉक्टर त्यांची श्वासनळी मुद्दाम चिडवून बघणार आहेत.

त्याआधी एक लहानसं यंत्र. "सकाळी पालेभाजी, बीट काही खाल्लंत? सिगारेट?" दोन्हीला नकार. भाजीने आकडा फुगतो, सिगारेटने दबतो. "दादा, आत्ता जोर नको. हळू, एका लयीत." सेकंदाला 50 मिलिलिटर, तेही 10 सेकंद. जोराच्या फुंकरी नंतर, कारण त्यांनीही हा आकडा घसरतो. पहिल्यांदा दादा घाईत सगळी हवा सोडून मोकळे होतात. दुसऱ्यांदा जमतं. पडद्यावर 58, म्हणजे श्वासाच्या अब्ज भागांत 58 भाग नायट्रिक ऑक्साइड. 25च्या आत असता तर इओसिनोफिल पेशींची सूज नसावी असं म्हटलं असतं. 50च्या वर ती असण्याचीच शक्यता जास्त. पण सूज वेगळी आणि नळीचा हुळहुळेपणा वेगळा. दोन्ही बहुधा जोडीने येतात, नेहमी नाही.

आता खरा खेळ. औषध मेथाकोलीन. श्वासनळीभोवतीच्या स्नायूंना ते आवळायला लावतं. निरोगी माणसाला एवढ्या मात्रेत फारसं काही होत नाही. दमेकऱ्याची नळी थोडक्यातच आकसते. आधी नुसतं द्रावण, औषधाविना. मग "खोल श्वास... फुंका! फुंका, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून..." मॅडमचा आवाज असा चढतो की स्टुलावर बसून माझंही पोट आत जातं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा 3.00 लिटर. ती 2.40वर उतरली, म्हणजे 20 टक्के घटली, की थांबायचं.

दीड मायक्रोग्रॅम: 2.98. पुढची मात्रा चौपट, 6: 2.90. दादा निवांत. "काही होत नाहीये मॅडम," ते म्हणतात, आणि त्या स्वरात मला दिलासा नाही, भीती ऐकू येते. आजही नॉर्मल निघालं तर? 25: 2.72. एकदा खाकरतात. मग 100. मुखनळी दातांत धरून शांतपणे ओढतात, आणि अर्ध्या मिनिटाने फुंकायला घेतात तर फुंकर मधेच तुटते. खांदे वर चढतात. शिट्टी मला स्टुलावरून ऐकू येते. 2.34.

"हेच! रात्री हेच होतं!" धापा टाकत दादा बोटाने छाती दाखवतात, चेहऱ्यावर चक्क हसू. आजारपण सिद्ध झाल्याचा एवढा आनंद मी तरी कुणाला झालेला पाहिला नाही.

मॅडम तोवर नळी सैल करणारा साल्बुटामॉलचा पंप स्पेसर लावून पुढे करतात. दादा मात्र पंप बघून कचरतात. "याची सवय लागते म्हणतात ना?" हा समज आपल्याकडे इतका चिवट आहे की दम कोंडला तरी माणूस पंपाला नाही म्हणतो. मॅडम वाद घालत नाहीत. पंप ओढायला लावतात, दहा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात आणि पडद्याकडे बोट करतात: 2.95.

डॉक्टर आलेख बघून विचारतात, "गावी गेलात की कसं असतं?"

"चार-पाच दिवसांत एकदम मोकळं. परत आलो, पोती उघडली, की सुरू."

दमा आहे, हे आता नक्की. मैद्याच्या धुळीने आहे का, ते अजून ठरायचंय. डॉक्टर एक पीक फ्लो मीटर पुढे सरकवतात. दिवसातून चार वेळा फुंकायचं, कामाच्या दिवशी आणि सुट्टीतही, चार आठवडे. आकडा वहीत.

"भट्टी रात्री दोनला पेटते साहेब. तेव्हा?"

"जागे असाल तेव्हा. कामावरच फुंका, घरी येऊन नको."

"मालकासमोर?"

"लाजताय कशाला?" मॅडम पुढच्या पेशंटची मुखनळी बसवता बसवता म्हणतात.