रेझिनची फरशी आणि तिच्या खालची जमीन



आमच्या टेबलावर सध्या एक खपली पडलेली आहे. तळहाताएवढी, वरून हिरवी चकचकीत, खालून करडी. वडवणी परिसरातल्या एका दूध संकलनाच्या खोलीतून आम्ही ती उचलून आणली. खोली कुणाची ते सांगत नाही. अशा खोल्या गावोगाव सापडतील. पहिल्या वर्षी तिथली जमीन आरशासारखी होती म्हणे. दुसऱ्या पावसाळ्यात पाय ठेवला की पोकळ वाजू लागली, मग फुगे आले, आणि आता झाडू मारला तरी सुपभर खपल्या निघतात. "मालच बोगस निघाला बगा," तिथला माणूस म्हणाला. आम्ही खपली उलटी केली. पाठीला सिमेंटचा पापुद्रा घट्ट चिकटून आला होता. म्हणजे रेझिनने आपली पकड सोडलीच नव्हती, खालचा कोबाच आपली कातडी सोडून देत होता. माल चोख होता, जमीन कच्ची होती.

पाठ जर स्वच्छ, गुळगुळीत निघाली असती तर आम्ही धूळ, तेल किंवा ओल यांच्यावर संशय घेतला असता. कंत्राटदाराशी भांडायला जाण्याआधी खपली उलटी करून पाहावी, एवढे तरी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

रेझिन म्हणजे काय, हे अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या ज्यांनी एकदा तरी कालवल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. एका डब्यात राळेसारखे द्रव्य, दुसऱ्यात ते कडक करणारे. दोन्ही मापाने एकत्र केले की रासायनिक क्रिया होऊन ते दगडासारखे घट्ट होते. हा थर रंगासारखा पातळही असतो, दोन-तीन मिलिमीटरचा ओतीवही असतो, आणि वाळू मिसळून पाच-सहा मिलिमीटरचा थापीने घोटलेलाही असतो. त्याला सांधे नसतात, दूध-पाक मुरत नाही, धुता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि २०११ च्या नियमांत अन्नपदार्थांच्या जागेची जमीन धुता येण्याजोगी व सुस्थितीत हवी असे आले. तेव्हापासून दूध, गूळ, साखर भरण्याच्या खोल्यांना ही फरशी करावी असा आग्रह वाढला आहे. आग्रह वावगा नाही. पण हा थर पाच मिलिमीटरचा, त्याला स्वतःची ताकद ती किती! खालचा कोबा हलला तर तो हलणार, खालचा तडकला तर तोही त्याच रेषेत तडकणार.

तेव्हा सुरुवात मातीपासून. आपल्याकडे डोंगराच्या अंगाला बरड-मुरमाड आणि खाली ओढ्याकाठी काळी. काळी कपाशीला, उसाला सोन्यासारखी, पण फरशीला वैरीण. पावसात फुगते, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर दोन वर्षांत कोबा मधोमध उचलला जातो. काळी जेवढी काढता येईल तेवढी काढावी, मुरूम भरावा, आणि तोही एकदम नाही. वीतभर थर, पाणी, धुम्मस; पुन्हा थर, पाणी, धुम्मस. वर दगडी सोलिंग. त्यावर वाळूची कच घालून जाड प्लॅस्टिकचा कागद, किमान २५० मायक्रॉनचा, सांधे वीतभर एकमेकांवर चढवून आणि कडेला भिंतीवर उचलून. या कागदाला गवंडी हसतात. "एवढं काँक्रीट असताना कागद कशापायी?" असे आम्हाला तोंडावर विचारले गेले आहे. उत्तर असे की काँक्रीट पाणी अडवीत नाही, वातीसारखे ओढून घेते. उघड्या कोब्यातून ती ओल गुपचूप उडून जाते, कुणाला दिसत नाही. वरून रेझिनचे झाकण बसले की तिला वाट राहत नाही, आणि ती झाकणच उचलते. कालव्याखालच्या, पाझराच्या जागेत तर कागदाशिवाय हे काम करूच नये.

काँक्रीट २५ न्यूटनच्या ताकदीचे, म्हणजे एम-२५ प्रतीचे असावे. पाण्याचा उतार काँक्रीटमध्येच काढावा, शंभराला एक तरी, मोरीच्या दिशेने. रेझिनने उतार काढणे म्हणजे तुपाने खड्डा बुजवणे. घोटाई लाकडी रंध्याची बरी. वरून कोरडे सिमेंट भुरभुरून लोखंडी थापीने चकचकीत करण्याची आपल्या गवंड्यांची जी हौस आहे, ती इथे नडते. पाणी आणि बारीक सिमेंट वर येऊन जी साय धरते ती दिसायला सुंदर, पण अंगाने दुबळी. आमच्या टेबलावरच्या खपलीच्या पाठीवर तीच साय आहे.

पाणी मारण्याबाबत साखर कारखान्याच्या सभासदांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. साखर सिमेंटची शत्रू आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर पडली तरी ते घट्ट व्हायला सुमारे चार तास उशीर होतो. ५० किलोच्या पोत्याला हे प्रमाण फक्त २५ ग्रॅम येते. शंभर ग्रॅमच्या पुढे गेले तर ते धड घट्ट होतच नाही. म्हणून कोब्यावर ओली पोती पसरताना साखरेची रिकामी पोती वापरू नयेत, पाकाची बादली कालवायला घेऊ नये. फुकटात मिळतात म्हणून ही पोती लोक हमखास नेतात, आणि मग कोब्याची वरची कातडी भुसभुशीत का राहिली याचा शोध कुणालाच लागत नाही. जिथे वर्षानुवर्षे पाक-मळी सांडली आहे असा जुना कोबाही वरवर धुऊन भागत नाही. गोड पाणी काँक्रीट आतून खाते. घट्ट, कोरे काँक्रीट लागेपर्यंत छिन्नीने काढून पुन्हा भरावे लागते.

जुन्या जमिनीवर करायचे तर आधी हातोडी घेऊन खोलीभर ठोकत फिरावे. ठण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तेवढा तुकडा उकरावा. शहाबादीवर किंवा घोटलेल्या कोट्यावर रेझिन टाकण्याचा मोह टाळावा. खाली कुठली लादी पोकळ आहे आणि सांध्यात किती पाणी बसले आहे याचा भरवसा कुणी देत नाही. चुन्याचा कोबा मऊ, तो बाद. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या खोलीत पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहावे. मिनिटभरात मुरले तर बरे, अळूच्या पानावर राहतात तसे मोती होऊन राहिले तर तेल आत गेलेले आहे.

आता ओलीची परीक्षा. हातभर चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्या आणि रात्रभर, सोळा तास तरी, तसाच ठेवावा. सकाळी खाली थेंब जमले किंवा कोबा काळवंडला, तर थांबावे. यंत्राने मोजणारे साधारण ४ टक्क्यांच्या आतली ओल मागतात. नवा कोबा २८ दिवसांत ताकद धरतो खरा, पण ताकद धरणे वेगळे आणि वाळणे वेगळे. जाणकारांचा ठोकताळा इंचाला एक महिना असा आहे. चार इंचांच्या कोब्याला चार महिने! इथेच सगळे अडते. उन्हाळ्यात काम काढायचे आणि मृगाच्या आत उरकायचे, ही आपली रीत. त्या घाईत ओला कोबा झाकला जातो.

आमच्या मते दुधाच्या, गुळाच्या खोल्यांसाठी कोबा पाऊस उघडताच दसऱ्याच्या सुमारास घालावा. तेव्हा गावात माणसे असतात; पुढे तोडीला गाड्या निघाल्या की वडवणीत गवंड्याच्या हाताखाली माणूस मिळणे कठीण. मग हिवाळाभर छपराखाली वाळू द्यावा आणि लोक परतल्यावर, पाडव्यानंतर, रेझिन करावे. कारखान्याच्या आत मात्र गळीत चालू असताना हे शक्य नाही. तिथे एका उन्हाळ्यात कोबा आणि पुढच्या उन्हाळ्यात रेझिन, असे दोन टप्पे मंजूर करावेत. सभेत कुणी "दोनदा खर्च कशाला" म्हणेल. त्याला ही खपली दाखवायला आम्ही तयार आहोत.

कोबा वाळला की साय काढणे. हे यंत्राने घासून किंवा लोखंडी छरे मारून करतात. तेजाब ओतून धुण्याची युक्ती स्वस्त, पण पाणी आणि क्षार पुन्हा आत जातात. आम्हाला ती पसंत नाही. घासल्यावर बारीक खडीचे तोंड दिसले पाहिजे, आणि खिळ्याने ओरखडले तर पीठ निघता कामा नये. धूळ यंत्राने ओढून घ्यावी, केरसुणीने नुसती जागा बदलते. मोठ्या कामाला ओढून पाहण्याची चाचणी मागावी: कोब्याला चिकटवलेली लोखंडी चकती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ किलोच्या ओढीपर्यंत सुटू नये. भारतीय मानक ४६३१ हे याच कामाचे आहे, करारात त्याचा उल्लेख जरूर असावा.

हवेचे थोडेसे. आपल्या चाळीस अंशांच्या उन्हात कालवलेला माल बादलीतच तापून घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा कालवावा. आणि काम कलत्या उन्हानंतर सुरू करावे. सकाळी जमीन तापत जाते, तिच्यातली हवा वर येते आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते.

सगळीकडे ही फरशी हवीच असेही नाही. गोठ्यात गुळगुळीत जमिनीवर जनावर घसरते. ओसरीत ऊन लागून इपॉक्सी पिवळे पडते. जिथे उकळते पाणी किंवा वाफ पडते तिथे साधे इपॉक्सी मऊ होते, पॉलियुरेथेन-सिमेंटचा सहा ते नऊ मिलिमीटरचा थर लागतो. आणि साखरेच्या गोदामाला हा खर्च आम्हाला पटत नाही. तिथे नीट दाबलेला मुरूम, तो प्लॅस्टिकचा कागद आणि चांगला कोबा एवढे पुरे आहे.

कुणा सभासदाच्या घरी किंवा संस्थेत असे काम निघाले असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी घेऊन आम्हाला बोलवावे. संध्याकाळी चिकटवू, सकाळी चहाला येऊन पाहू.