'मॅडमना मोबाइल येत नाही' म्हणण्याआधी

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतात, अडकतात, आणि त्याच वर्षी आलेलं 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या फोनची रॅम होती २ जीबी. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठल्याही गावच्या अंगणवाडीत ॲप इन्स्टॉल झालं नाही, की 'मॅडमना मोबाइल येत नाही' असा शेरा मारणं सोपं असतं. पण कार्यालयाच्या ताब्यातला फोन कसा चालतो हे पाहिलं, तर हा शेरा टिकत नाही.

अशा अँड्रॉइड फोनमध्ये अंतिम शब्द वापरणाऱ्याचा नसतो. फोन कोरा असतो, एकही खातं जोडलेलं नसतं, तेव्हाच नियंत्रणाचं सॉफ्टवेअर, म्हणजे एमडीएम, त्याचं मालक होतं. पुढे प्ले स्टोअरमध्ये कोणती ॲप दिसावीत, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल इन्स्टॉल होऊ द्यावी की नाही, हे तेच ठरवतं. ॲप स्टोअरमध्ये दिसतच नसेल, तर ते मंजूर यादीत नाही किंवा फोनचं अँड्रॉइड त्याला जुनं पडतं. दिसूनही अडकत असेल, तर जागा, नेट आणि फोनची तारीख बघावी. तारखेचा प्रकार तर विलक्षण आहे: फोनचं घड्याळ फारच मागे पडलं, की सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं आणि तो जोडणीच नाकारतो. अपडेटची मूळ सेटिंगही पाहण्यासारखी आहे. ॲप आपोआप अपडेट व्हायला फोन वाय-फायवर असावा, चार्जिंगला असावा आणि वापरात नसावा. सगळं काम सिमच्या डेटावर चालतं, तिथे पहिलीच अट पुरी व्हायची कशी?

मुलांची माहिती फोनमध्ये आहे, मग कुलूप नको का, असं कुणी विचारेल. कुलूप हवंच. पण फोनचं अँड्रॉइड कोणतं, जागा किती उरली, तो सर्व्हरशी शेवटचा कधी बोलला, हे एमडीएमच्या पडद्यावर कार्यालयाला बसल्या जागी दिसू शकतं. ते न पाहता 'रीसेट मारा' म्हणणं मला सरळ अन्याय वाटतो. रीसेटने मंजुरीची यादी बदलत नाही आणि रॅमही वाढत नाही. जातात त्या सर्व्हरवर अजून न पोचलेल्या नोंदी, म्हणजे सेविकेने घरोघर फिरून घेतलेली बाळांची वजनं आणि उंच्या.