आजीच्या ओव्या टिपायच्या कशावर?

गटाच्या पैशातून ओव्या रेकॉर्ड करायला टॅब घ्यायचा की लॅपटॉप, यावर आमच्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या बहुतेक कागदावर आहेत, आवाज थोड्यांचाच. म्हणून आवाज हवाच.

टॅब हलका, मांडीवर मावतो. पण जागा लवकर भरते. वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात, स्टिरिओ असेल तर दुप्पट. आमचा टॅब एकदा मधेच बंद पडला. आजी गातच होत्या, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत आजी गेल्या.

माझं मत, वापरलेला का होईना, लॅपटॉपच घ्या. रॅम ८ जीबी, आत एसएसडी. काटछाट करायला ऑडॅसिटी फुकट मिळतं, ते अँड्रॉइड टॅबवर चालत नाही. वाचलेल्या पैशात यूएसबी माइक घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवरच कात्री चालवा. आणि लॅपटॉप आजींपासून लांब ठेवा, त्याच्या पंख्याची घरघर ओवीत उतरते. जात्याची मात्र उतरू द्या.