प्रौढपणीं पाहिलेला ‘ब्रह्मचारी’

कांहीं चित्रपटांची कीर्ति त्यांच्या आधींच घरांत येऊन बसते. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा १९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ हा त्यांपैकीं एक. मीनाक्षी शिरोडकर यांनीं त्यांत पोहण्याच्या पोषाखांत गाणें म्हटलें, एवढेंच पुष्कळांच्या कानीं आलें. आणि तेवढ्यामुळें कित्येक वडीलधारी मंडळी मुलांदेखत त्याचें नांव काढीत नसत. आम्हीं तो प्रथम पाहिला तो संसारांत पडून बरींच वर्षें लोटल्यावर. आणि तो उशिरां पाहिला याचें आम्हांस समाधानच वाटलें.

कथा साधी आहे. औदुंबर हा सामान्य तरुण देशभक्त जटाशंकराचें व्याख्यान ऐकतो आणि ब्रह्मचर्याचा निश्चय करतो. हौसेनें जमविलेलीं नटींचीं चित्रें घराबाहेर जातात, व्यायामाला जोर चढतो. इतक्यांत किशोरी पुढें येते, आणि निश्चयाचा पाया खचूं लागतो.

कोवळ्या वयाचा प्रेक्षक औदुंबराच्या फजितीला हंसेल. प्रौढ प्रेक्षकास त्या फजितीचें मूळही दिसतें. औदुंबराचें व्रत दुसऱ्याच्या वक्तृत्वांतून आलेलें आहे. ज्याला कागदावरच्या चित्राचेंही भय वाटतें, त्याचा निग्रह तो कितीसा टिकणार? आचार्य अत्रे यांनीं १९३३ सालच्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकांत नमस्काराच्या वेडाची थट्टा केली होती. येथें त्यांच्या लेखणीचा रोख उसन्या वैराग्यावर आहे. मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शन करून नायकाची भूमिकाही स्वतःच केली आहे, आणि सारें हंसें आपल्याच अंगावर घेतलें आहे.

किशोरीला आपलें मन ठाऊक आहे, आणि तें लपविण्याची तिला गरज भासत नाहीं. त्या गाजलेल्या प्रसंगांतही संकोचानें गोंधळतो तो औदुंबर. ज्या पोषाखाचा एवढा गवगवा झाला, त्यापेक्षां तिचा हा मोकळेपणाच त्या काळास अधिक बोंचला असावा, असें आम्हांस वाटतें.

जटाशंकर अद्यापि घरोघर आहेत. कित्येकदां ते वडीलकीच्या प्रेमळ आवाजांत बोलतात. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलामुलींसह वडीलधाऱ्यांनीं हा चित्रपट एकत्र बसून पाहावा, असें आम्हीं सुचवितों. जो विषय उपदेशानें अवघड होऊन बसतो, तो दोन घटका सर्वांनीं मिळून हंसल्यावर सहज बोलतां येतो.