पानाची डावी बाजू, कार्डाची उजवी बाजू

वडिलांच्या पंच्याहत्तरीला आम्ही भावंडांनी ठरवलं की या वेळी घरी पुरणाचा घाट घालायचा नाही, दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला जायचं. आठ दिवस आधी टेबल सांगून ठेवलं होतं. खिडकीबाहेर समुद्र होता आणि प्रत्येकापुढे तीन काटे, दोन सुऱ्या मांडलेल्या. कार्ड हातात आलं आणि वडिलांची नजर सरळ उजव्या बाजूला गेली. तिथे आकडे असतात. त्यांनी कार्ड मिटलं आणि म्हणाले, "तुम्हीच काय ते मागवा. मला फारशी भूक नाही."

हे वाक्य मला लागलं. मंडईत वांग्याचा देठ बघून वांगी निवडणारा हा माणूस. मठ्ठ्यात आलं जास्त पडलंय हे पहिल्या घोटात ओळखणारा. त्यांची भूक कुठेही गेलेली नव्हती. कार्डावरचं एकही नाव ओळखीचं नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटत होता, एवढंच. देशोदेशीचं जेवण देणाऱ्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये आपल्यातल्या कितीतरी जणांची, विशेषतः वडीलधाऱ्यांची, संध्याकाळ या एका क्षणी कोमेजते. ती कोमेजू नये असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी ती सावरली एका कॅप्टनमुळे. ऑर्डर घेणारा, पन्नाशीतला माणूस. आमचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं. आईकडे वळून तो मराठीत म्हणाला, "काकू, रिसोट्टो म्हणजे आपला आसट भातच समजा. फक्त दाणा जरासा दाताला लागतो."

आईने विचारलं, "तांदूळ कुठला?"

तो आत गेला आणि वाटीत कच्चे तांदूळ घेऊन आला. आईने चिमटीत धरून पाहिले. "आंबेमोहरापेक्षा जाड आहे," ती म्हणाली. वडिलांनी मिटलेलं कार्ड पुन्हा उघडलं.

तो तांदूळ होता आर्बोरिओ, उत्तर इटलीतला आखूड आणि जाड दाण्याचा. त्याच्या पिठूळ आवरणात अमायलोपेक्टिन नावाचा स्टार्च भरपूर असतो. तांदूळ न धुता लोण्यावर परततात, थोडी वाइन घालतात आणि मग गरम स्टॉक एकेक पळी घालत ढवळत राहतात. ढवळण्यामुळे दाण्यावरचा स्टार्च सुटून पाण्यात उतरतो आणि भाताला मलईसारखा दाटपणा येतो, साय मुळीच न घालता. साधारण अठरा-वीस मिनिटांनी आच बंद करून लोणी आणि किसलेलं चीज घोटतात. दाण्याच्या मध्यात किंचित कणखरपणा मुद्दाम राखलेला असतो. "भात कच्चा राहिलाय" म्हणून परत पाठवणारे पाहुणे रोज असतात, असं कॅप्टन म्हणाला. इंद्रायणीचा गुरगुट्या भात खाणाऱ्या घरात ती तक्रार मला समजू शकते. पण तो दोष नाही, ती त्या पदार्थाची रीत आहे, आणि ती आधी माहीत असली की चव वेगळीच लागते.

आपल्याला बिचकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थ एकामागून एक येणं. खरं तर युरोपातही ही पद्धत फार जुनी नाही. फ्रान्समधल्या जुन्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत, ज्याला जे जवळ असेल ते तो घेई, आणि पुष्कळसं थंड होऊन जाई. प्रत्येकाला एकेक पदार्थ क्रमाने आणि गरम वाढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. तिला 'रशियन वाढप' म्हणतात. पॅरिसमध्ये ती आणण्याचं श्रेय १८१०च्या सुमारास तिथे असलेले रशियन राजदूत कुराकिन यांना दिलं जातं.

आणि क्रमाचं जेवण आपल्याला परकं कधी होतं? पंगतीचं पान आठवा. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि आमटी. पहिला भात साधं वरण, तूप आणि लिंबाचा. मग पोळी किंवा पुरी आणि पक्वान्न, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात. सौम्यापासून सुरुवात, मध्ये मसाला आणि गोड, अखेरीस पोट निवावं म्हणून ताक. जो अशी एक पंगत मन लावून जेवला आहे त्याला सूप, स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड या क्रमामागचा विचार कुणी शिकवावा लागत नाही. फरक आहे तो आग्रहात. आपला वाढपी पानावर हात आडवा धरेपर्यंत थांबत नाही. तिथला वाढपी तुमच्या खुणेची वाट पाहतो. काटा आणि सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवली की झालं, दोन टोकांना तिरकी ठेवली की अजून चाललंय. काटे-चमचे बाहेरून आतल्या बाजूला वापरत जायचे. टेबलावरच्या शिष्टाचारांतलं एवढं पुरे आहे. बाकीचं विसरलात तरी काही बिघडत नाही.

आतल्या स्वयंपाकघराची घडी मात्र समजून घेण्यासारखी आहे. फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कोफिए तरुणपणी १८७०च्या युद्धात सैन्यासाठी स्वयंपाक करत होता. १८९०मध्ये तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला, आणि फौजेतली शिस्त मुदपाकखान्यात आणल्याबद्दल जग त्याला ओळखतं. एकाने फक्त सॉस करायचे, दुसऱ्याने मासळी, तिसऱ्याने भाजणं, कुणी थंड पदार्थ, कुणी गोड. आपल्यासमोर येणारी एक ताटली अशी चार-पाच हातांतून येते. चौघांनी चार वेगवेगळे पदार्थ मागवले तरी ते एकाच मिनिटाला, एकाच गरमपणाने यावेत म्हणून आत कुणीतरी मोठ्याने वेळ पुकारत असतो. म्हणूनच "माझं आधी आणा" म्हटलं की सगळी घडी विसकटते. मागवताना सगळ्यांचं एकदम सांगावं.

मुंबईत ही परंपरा रुजली त्यात गोव्याच्या माणसांचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या ख्रिस्ती स्वयंपाक्यांच्या हाती युरोपीय भट्टी, व्हिनेगर, पाव आणि केक आले. ते बोटींवर गेले, क्लबांत आणि हॉटेलांत गेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलं. त्याच्या स्वयंपाकघरात पोऱ्या म्हणून शिरलेले मिगेल आर्कान्जो मास्कारेन्यस पुढे तिथले प्रमुख शेफ झाले. साहेबी सूप आणि पुडिंगं वर्षानुवर्षं कोकणी बोलणाऱ्या हातांनी केलेली आहेत. आणि नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात याच हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांना बाहेर काढताना स्वतःचे जीव दिले. पाहुणा म्हणजे काय, हे त्या रात्री त्यांनी दाखवून दिलं. आपल्यापुढे ताटली ठेवणाऱ्या माणसाकडे पाहून "धन्यवाद" म्हणायला आपण विसरू नये.

ताजमध्येच १९७३ साली 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालं आणि सिचुआन पद्धतीचं चिनी जेवण भारतात आलं. त्याचं बोली रूप 'शेजवान' आज डोशाच्या गाडीवरही पोचलं आहे. गाडीवरच्या लाल चटणीत सहसा नसतो तो मूळ मसाला म्हणजे सिचुआन मिरी. नाव मिरी असलं तरी ती काळ्या मिरीच्या कुळातली नाही, आपल्या तिरफळाची सख्खी नातलग आहे. दोन्ही एकाच प्रजातीगटातली झाडं. बांगड्याच्या तिकल्यात किंवा गोव्याच्या उडदमेथीत तिरफळ घालतात, आणि ते दाताखाली आलं की जिभेला मुंग्या येतात. सिचुआनी मापो टोफू खाताना येतात त्या मुंग्या त्याच जातीच्या. मालवणी आजीला तो पदार्थ द्या, ती दुसऱ्या घासाला ओळखेल.

वासाबीचंही तसंच. जपानी शेफ मोरिमोतो यांच्या नावाचं 'वासाबी' २००४मध्ये ताजमध्ये सुरू झालं आणि सुशी मुंबईच्या उच्चभ्रू बोलण्यात आली. वासाबी हे झऱ्याकाठी वाढणाऱ्या एका झाडाचं खोड. ते खाताना किसतात, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा झणका उतरतो. जगभर बहुतेक ठिकाणी मिळते ती हिरवी गोळी मात्र हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंगाची असते. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये 'ताजं किसलेलं आहे का' असं जरूर विचारावं. हा झणका जिभेवर थांबत नाही, नाकातून मेंदूत जातो. कैरीच्या लोणच्यासाठी आई मोहरी फेसायची तेव्हा ओट्याजवळ उभं राहिल्यावर जे व्हायचं, तेच. दोन्हींत जे द्रव्य नाकाला झोंबतं तेही एकच, आणि दोन्हींत ते दाणा किंवा खोड चिरडल्यावरच तयार होतं.

शाकाहारी वाचकांनी मात्र थोडं सावध असावं. कार्डावरच्या नावावरून सगळं कळत नाही. रिसोट्टोचा स्टॉक कोंबडीचा असू शकतो. इटलीतलं अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा, थाई करीत फिश सॉस, जपानी मिसो सूपमध्ये वाळवलेल्या माशाचा अर्क, ताज्या पास्त्यात अंडं, पान्ना कोट्टात जिलेटिन, तिरामिसूत अंडं आणि बहुधा मद्य. "व्हेज आहे ना?" या प्रश्नाला घाईत "हो" येतं. त्याऐवजी "यात स्टॉक कशाचा आहे? चीजमध्ये रेनेट कोणतं?" असं विचारा. चांगल्या ठिकाणी कॅप्टन आत जाऊन शेफला विचारून येतो. टेबल सांगतानाच हे कळवलं तर शेफ वेगळी सोयही करून ठेवतो. भुईमूग, कोळंबी किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगावं.

काय मागवावं? माझं मत स्पष्ट आहे. जे घरी होतं, त्यावर इथे पैसे घालू नयेत. टोमॅटो सॉसमधला पास्ता कितीही सुरेख नावाने लिहिलेला असला तरी घरी अर्ध्या तासात होतो. बारा तास आटवलेला सॉस, आतून ओली आणि वरून कुरकुरीत कातडीची मासळी, हातावर वळलेली सुशी, आत मलई भरलेलं ताजं बुराटा चीज, यांत कसब आहे. एक पदार्थ दोघांत वाटून घ्यायला कुणी हरकत घेत नाही. स्वयंपाकघरातूनच दोन ताटल्यांत लावून देतात. तळणीचे स्टार्टर भरमसाट मागवून मुख्य पदार्थ येईपर्यंत पोट भरणं, ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

आता पुन्हा उजव्या बाजूकडे. तिथला आकडा बहुधा कराशिवायचा असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. म्हणजे ४,००० रुपयांच्या जेवणावर एकीकडे २०० रुपये, दुसरीकडे ७२०. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. बाटलीबंद पाणी छापील किमतीहून महाग लावायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये हॉटेलांना मोकळीक दिली आहे, म्हणून साधं पाणी हवं असेल तर बसल्याबसल्याच तसं सांगावं.

सेवाशुल्काचं वेगळं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते बिलात आपोआप घालता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वं उचलून धरली. तरीही मागच्या वर्षी एका ठिकाणी माझ्या बिलात १० टक्के लावलेले होते. मी शांतपणे काढायला सांगितलं, दोन मिनिटांत बिल बदलून आलं. तिथे ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानंतर मी टीप दिली, ज्याने वाढलं त्याच्या हातात. ती मी नेहमी देते. माणसाच्या कामाची दाद त्याच माणसापर्यंत पोचावी असं मला वाटतं.

वडिलांनी त्या दिवशी भाजलेला मासा मागवला, काटा कसा काढता ते विचारलं, आणि शेवटी कॅप्टनला जवळ बोलावून त्याचं गाव विचारलं. बिल मी त्यांना दिसू दिलं नाही.

तुम्ही जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. शक्य असेल तिथे त्यांच्यासाठी आकडे नसलेलं कार्ड मागा. काही जुन्या, मोठ्या हॉटेलांत तसं कार्ड मिळतं. आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या: "तांदूळ कुठला?"